मास्तर, थ्रो-इनला ऑफसाइड नसतंय

कोल्हापुरात क्रीडाशिक्षक म्हणून येऊन दीड महिना झाला होता आणि हायस्कूलच्या संघाबरोबरची माझी पहिलीच मॅच होती. समोरच्या पोरानं थ्रो-इन टाकला, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकला. त्यांचा फॉरवर्ड आमच्या शेवटच्या बॅकच्याही पुढं एकटाच उभा होता. त्यानं चेंडू घेतला आणि गोलकडं सुटला. मी हात वर करून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "ऑफसाइड! ऑफसाइड!" एरवी असं बॅकच्या पुढं उभं राहून पास घेणं चालत नाही, त्यालाच ऑफसाइड म्हणतात. माझं ऐकून आमचे दोन्ही बॅक जागेवर थांबले. गोल झाला. मागं कठड्यावरनं एक म्हातारा आवाज आला, "मास्तर, थ्रो-इनला ऑफसाइड नसतंय!" आणि सगळा कठडा हसला.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, खो-खोचा माणूस. बीपीएडला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, फुटबॉल होता, पण तो मापं पाठ करून पास होण्यापुरता. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच, पेनल्टी ११ मीटरवरून. दुसऱ्या एखाद्या गावात एवढ्यावर नोकरी निघून गेली असती. इथं पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या गावातल्याच दोन संघांची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं आणि वर्ल्ड कपला गल्ल्या ब्राझील-अर्जेंटिनात वाटल्या जातात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून तर प्रत्येक आईबापाला आपल्या घरात एक फॉरवर्ड दिसतो. अशा गावात ऑफसाइड न कळणारा क्रीडाशिक्षक म्हणजे पंढरपुरात येऊन विठोबाचा पत्ता विचारणारा.

त्या रात्री मी नियम वाचायला बसलो. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर, या तिन्हींवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड होत नाही, हे तेव्हा डोक्यात बसलं ते कायमचं. पण नियम पाठ झाले म्हणून पोरं खेळायला लागत नाहीत. माझी प्रॅक्टिस कशी असायची? मैदानाला पाच राउंड, मग एका रांगेत उभं राहून एकेकानं गोलवर शॉट, मग अख्ख्या मैदानावर अकरा-अकराची मॅच. चेंडू होते तीन, त्यातल्या एकातली हवा जायची. जाड पोरगा म्हणून एकाला गोलकीपर केलं होतं. त्याला आवडतं का, हे मी विचारलंही नव्हतं.

ज्या गोष्टीनं माझी प्रॅक्टिस बदलली ती अगदी योगायोगानं घडली. नववीतला एक पोरगा झाडावरनं पडून हात मोडून घेऊन आला. गळ्यात प्लास्टर, पण घरी थांबेना. त्याला काहीतरी काम द्यायचं म्हणून मी वही दिली. म्हटलं, या मॅचमध्ये कुणाचा पाय चेंडूला किती वेळा लागतो ते लिही, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. चाळीस मिनिटांनी वही हातात आली. आमच्या स्टार पोराच्या नावापुढं बासष्ट. डाव्या बाजूला खेळणाऱ्या एका शांत मुलापुढं सात. चाळीस मिनिटांत सात! तो सुधारत नाही म्हणून मी त्याला रोज झापत होतो. अरे, पण त्याला चेंडू मिळतोच कुठं?

वहीत खाली अजून एक ओळ होती. 'सर – १४३.'

"हे काय रे?"

"तुम्ही किती वेळा ओरडला ते, सर. मोकळाच होतो, म्हणून मोजलं."

मी वही मिटली. पोरगा खरंच बोलत होता. 'हाण', 'सोड', 'पास दे', 'मागं ये', हे सगळं माझं एकट्याचं चालू असायचं आणि पोरं चेंडूऐवजी माझ्या तोंडाकडं बघायची.

दुसऱ्या दिवशी रांगा बंद. मैदानाचे चार तुकडे पाडले, कोन नव्हते तर चपलांचे गोल केले, चार-चार जणांचे संघ. तीन चेंडू पुरेनात, म्हणून मुख्याध्यापकांकडं गेलो. त्यांनी विचारलं, "खेळतात एका चेंडूनं, आठ कशाला?" मी वही पुढं केली. पाच मंजूर झाले. ही माझ्या आयुष्यातली एकमेव अशी मागणी, जी आकडेवारीनं पास झाली.

चार-चारात एक वेगळंच दुखणं उघडं पडलं. एका पेठेचं पोरगं दुसऱ्या पेठेच्या पोराला पास देईना. अकरा जणांत ते लपत होतं, चौघांत लपेना. मी भाषण दिलं, उपयोग शून्य. मग नियमच केला, की चौघांनीही चेंडूला पाय लावल्याशिवाय गोल धरायचा नाही. पहिले तीन दिवस भांडणं झाली. चौथ्या दिवशी भांडायला वेळच उरला नाही. ही ईर्षा पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. ती कोल्हापूर सोडून जायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्सच्या, म्हणजे प्रशिक्षकांच्या सुरुवातीच्या परवान्याच्या, कोर्सला गेलो. तिथं बरेचसे जुने खेळाडू आणि त्यांच्यात मी खो-खोवाला. कोर्सला आलेल्यांनीच खेळाडू व्हायचं आणि आपण त्यांचं सेशन घ्यायचं. माझ्या सेशननंतर प्रशिक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "आज तुम्ही नेमकं काय शिकवत होता?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मी पासिंग, शूटिंग, मार्किंग सगळंच शिकवत होतो. त्यानंतरची सवय अजून टिकून आहे. कागदावर आजचा एकच विषय लिहायचा, आणि खेळ थांबवायचा तर फक्त त्याच विषयासाठी. बाकीच्या चुका दिसल्या तरी गिळायच्या. गिळणं अवघड जातं.

परत आलो तो हवेत. जमिनीवरनं छोटे पास, गोलकीपरपासून खेळ उभा करायचा, असं सगळं ठरवून जुलैत सुब्रोतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेच्या मॅचला उतरलो. कोल्हापूरचा जुलै! मैदानात घोटाभर चिखल. पास निघायचा आणि डबक्यात जाऊन बसायचा. तरी मी हट्टानं सांगत राहिलो, खालूनच खेळा. तीन-शून्यनं हरलो, त्यातले दोन गोल आमच्याच गोलसमोर अडकलेल्या चेंडूवर झाले. कठड्यावरचा तो म्हातारा आवाज आता ओळखीचा झाला होता. तरुणपणी एका तालमीकडून खेळलेले तात्या. मॅचनंतर चहाच्या गाड्यावर त्यांनी कप पुढं केला. "मास्तर, कोर्स चांगलाच असणार. पण चिखलात चेंडू उचलून द्यायचा असतो, ते कोर्समध्ये न्हाई सांगत. पावसात मैदान कुणाचं ऐकत न्हाई."

मग पावसाळ्यात आम्ही मुद्दाम डबक्यांतच प्रॅक्टिस केली. चेंडू पायाच्या वरच्या भागानं उचलायचा कसा, घसरत्या जागी छोटी पावलं टाकायची कशी. पोरांच्या आया माझ्यावर वैतागल्या असणार, कपडे त्यांनाच धुवायचे. गोलकीपर मात्र बदलला. जाड पोराला विचारलं तर म्हणाला, मला बॅकला खेळायचंय सर. आणि तो शांत, सात रेघांवाला मुलगा आपणहून म्हणाला, मी उभा राहतो गोलमध्ये. हात बरे होते त्याचे, लहानपणापासून विटीदांडू खेळलेला.

त्या वर्षीच्या शालेय स्पर्धेत आम्ही सेमीफायनलपर्यंत गेलो आणि पेनल्टीवर हरलो. त्यानं दोन अडवल्या, आमच्या पोरांनी तीन घालवल्या. एकानं बाहेर मारली तेव्हा माझ्या तोंडून शिवी येता येता राहिली. प्लास्टर निघून वर्ष झालेलं ते पोरगं राखीव खेळाडू म्हणून शेजारी बसलं होतं. हळूच म्हणालं, "सर, आज एकतीसच झाले."

आता जूनपासून मुलींचा संघ सुरू केलाय. पहिल्या दिवशी नऊ जणी आल्या, आता चौदा आहेत. वही नवी आणलीय, पण रेघा ओढायला कुणी बसायला तयार नाही. प्रत्येकीला खेळायचंय. शेवटी वही तात्यांच्या हातात दिली. ते चष्मा शोधतायत.