डिस्नीचा डायनिंग प्लॅन आणि आमची पाच ताटं

ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्डचं बुकिंग करायला बसलं की तिकिटं झाली, हॉटेल झालं, आणि मग एक प्रश्न येतोच की डायनिंग प्लॅन घ्यायचा का. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत जाणार आहोत, आणि गेले काही आठवडे आमच्या घरात यावर इतकं बोलणं झालंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. इकडे ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीतल्या आणि मुलांच्या शाळेच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणी हेच विचारतायत, आणि नेटवर जे वाचायला मिळतं ते सगळं अमेरिकन घरातल्या खाण्यावर बेतलेलं असतं. आपल्याकडे कुणी शाकाहारी, कुणाचा गुरुवार, कुणाला रात्री नुसता ताकभात हवा, हे त्यात कुठेच नसतं.

आधी प्लॅन म्हणजे काय ते सांगते. हा प्लॅन २०२० मध्ये बंद झाला होता, ९ जानेवारी २०२४ पासून परत सुरू झाला. डिस्नीच्याच हॉटेलात पॅकेज घेऊन राहणार असाल तरच मिळतो. दोन प्रकार आहेत. क्विक सर्व्हिसवाल्यात रात्रीमागे माणशी दोन काउंटरवरची जेवणं आणि एक स्नॅक. दुसरा जो मोठा आहे त्यात एक काउंटरचं जेवण, एक टेबलवर बसून वाढतात ते जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत हॉटेलमध्ये परत परत भरून घ्यायचा एक मग मिळतो. २०२४ ला परत सुरू झाला तेव्हा छोट्या प्लॅनचा दर मोठ्या माणसाला रात्रीमागे ५७.०१ डॉलर आणि ३ ते ९ वर्षांच्या मुलाला २३.८३ डॉलर होता, मोठ्या प्लॅनचा ९४.२८ आणि २९.६९. त्यानंतर मोठ्यांचे दर वाढलेत, पण मी मुद्दाम हे जुनेच आकडे धरून हिशोब केलाय, म्हणजे प्लॅनवर अन्याय केला असं कुणी म्हणायला नको.

आता नियम, कारण खरे पैसे तिथे अडकतात. एका बुकिंगमधल्या ३ वर्षांवरच्या सगळ्यांना तोच प्लॅन घ्यावा लागतो, म्हणजे नवऱ्याला घेतला आणि सासूबाईंना नको म्हटलं असं चालत नाही. १० वर्षं पूर्ण झाली की तो मोठा माणूस. जेवणं रात्रींवर मोजतात, दिवसांवर नाही, त्यामुळे पोचलात तो दिवस आणि निघालात तो दिवस धरला तर जेवायचे दिवस रात्रींपेक्षा एकाने जास्त. आणि चेकआउटच्या दिवशी मध्यरात्री उरलेलं सगळं रद्द होतं. नौपाड्यात, स्टेशनजवळ ज्यांनी खानावळीचं महिन्याचं कार्ड लावून दिवस काढलेत त्यांना खाडा माहीत असेल, गावाला गेलात तर तेवढी ताटं पुढच्या महिन्यात धरतात. इथे खाडा नाही. उपवासाच्या दिवशीचं जेवण त्याच दिवशी जात नाही, ते मुक्कामभर वापरता येतं, पण ते वापरायचं म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी तिसऱ्यांदा जेवायचं.

आमच्या जाऊबाई न्यू जर्सीत असतात, त्यांनी मागे हाच प्लॅन घेतला होता आणि व्हिडिओ कॉलवर त्यांचं ठाम म्हणणं, "ताई, डोळे झाकून घ्या, आम्हाला मस्त वसूल झाला." आणि ते खोटं नाहीये. माझे दीर दोन्ही वेळा मांसाहार करणारे, आणि त्यांना जेवणासोबत बिअर लागते. २१ वर्षांवरच्यांना प्लॅनमधलं ड्रिंक म्हणून बिअर किंवा वाइन घेता येते, म्हणजे १७ डॉलरची डिश, १२ ची बिअर, असं दोनदा, वर ७ चा स्नॅक, त्यावर तिकडचा साडेसहा टक्के सेल्स टॅक्स धरला तर ६९ डॉलरचं खाणंपिणं ५७ मध्ये झालं. त्यांच्या घरासाठी हा प्लॅन बरोबरच आहे. पण त्यांचं ताट आणि आमचं ताट वेगळं, आणि हीच गोष्ट सल्ला देताना कुणी बघत नाही.

मग मी काय केलं, डिस्नीच्या साइटवर सगळ्या रेस्टॉरंटचे मेन्यू किमतींसकट टाकलेले असतात, ते उघडले आणि कोण काय खाईल ते घरातल्या एकेकाला विचारून लिहीत गेले. पूर्ण कुटुंबाचा एक अंदाज काढू नका, एकेका माणसाचा काढा, त्यातच सगळं दिसतं.

नवरा चिकन वगैरे खाणारा पण बिअर नाही, कोल्ड ड्रिंक. १६ ची डिश आणि ५ चं ड्रिंक दोनदा, एक स्नॅक, टॅक्स धरून ५२. म्हणजे घरातला सगळ्यात जास्त खाणारा माणूससुद्धा ५७ पर्यंत पोचत नाही. मी साधारण ४३, कारण मी जेवताना पाणीच पिते, आणि डिस्नीच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं. मुलगा ११ वर्षांचा, म्हणजे त्यांच्या लेखी मोठा माणूस, पण दोन्ही वेळा पिझ्झा नाहीतर मॅक अँड चीज खाणार, त्याचे ४६. मुलगी ६ वर्षांची, मुलांचं जेवण ८-९ डॉलरला ड्रिंकसकट मिळतं, त्यात मिकीच्या आकाराचं आइस्क्रीम, तिचे २५. म्हणजे फक्त मुलीच्या बाबतीत प्लॅन स्वस्त पडतो, तोही डॉलर-दीड डॉलरने.

आणि सासूबाई. त्या पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण चालतं पण अंडं नाही, सकाळी चहा-पोळी झाली की दुपारी थोडंसं आणि रात्री त्याहून थोडं. त्यांच्यासाठी बऱ्याच काउंटरवर सॅलड किंवा व्हेज बोल (वाडग्यातलं जेवण) हाच पर्याय, ॲनिमल किंगडम पार्कमधल्या सातूली कँटीनमध्ये तोफूचा बोल मिळतो तो त्यांना चालेल असं वाटतं. सगळं धरून दिवसाचे ३४ डॉलर, तेही त्यांनी दोन पूर्ण जेवणं संपवली तर. प्लॅनमध्ये त्यांचे ५७. डॉलर ९० रुपये धरला तर एकट्या सासूबाईंच्या ताटावर रात्रीमागे दोन हजारांच्या वर जास्त भरायचे. मला त्या पैशांपेक्षाही दुसरी गोष्ट जास्त लागली. ज्या दिवशी हे आकडे मी त्यांना वाचून दाखवले त्या दिवशी त्या लगेच म्हणाल्या, "अगं मग मी खाईन ना सगळं, पैसे भरलेत तर टाकायचं कशाला." आणि मला माहितीये, त्या खरंच खातील. पोट भरलेलं असताना, त्या उन्हात, नको असलेला बोल संपवत बसतील कारण घरात अन्न टाकायची पद्धत नाही. सत्तरी पार केलेल्या बाईला सुट्टीत हे करायला लावणारा प्लॅन मला फुकट मिळाला तरी नकोय.

बेरीज सांगते. आमच्या मनासारखं खाल्लं तर पाच जणांचे दिवसाला २०० डॉलर, प्लॅनने २५१.८७. रात्रीमागे जवळपास ५२ डॉलर, म्हणजे ४,६०० रुपयांच्या वर फरक. २०२६ साठी डिस्नीने मोठ्यांनी प्लॅन घेतला तर ३ ते ९ वर्षांच्या मुलांचा फुकट अशी ऑफर ठेवलीय, त्यावरून घरात परत चर्चा सुरू झाली, पण मुलीचे पैसे काढून टाकले तरी चार मोठ्यांचे २२८ होतात आणि आमचं पाचही जणांचं खाणं २०० त बसतं. ज्यांच्याकडे दोन मोठे आणि ३ ते ९ वर्षांची दोन-तीन मुलं आहेत त्यांनी मात्र ही ऑफर नक्की मांडून बघा, तिथे गणित उलटं होऊ शकतं.

मोठ्या प्लॅनचं जरा वेगळं आहे. तिथे सगळा खेळ कॅरेक्टर डायनिंगचा. शेफ मिकीज म्हणून कंटेम्पररी हॉटेलमध्ये जागा आहे, तिथे मिकी, मिनी, गूफी टेबलापाशी येतात, फोटो काढतात, आणि रात्रीच्या जेवणाचे माणशी साधारण ६५ डॉलर. प्लॅनमधल्या एकेका जेवणाला तिकडे क्रेडिट म्हणतात, आणि असं जेवण एकच टेबल क्रेडिट घेतं, त्यामुळे रोज असं जेवलात तर मोठा प्लॅन वसूल होतो, मुलांचा तर चांगलाच वसूल होतो. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण मात्र दोन क्रेडिट खातं, तिथे प्लॅनवर जाण्यात अर्थ नाही. पण रोज कोण असं जेवणार? आमच्या पाच जणांचा मोठा प्लॅन म्हणजे रात्रीमागे ४०७ डॉलर, साडेछत्तीस हजार रुपये, फक्त खाण्याचे. वर टिप वेगळी, ती प्लॅनमध्ये धरलेली नसते, आणि १८-२० टक्के ही तिकडची रीत, सहा किंवा जास्त माणसं असली तर १८ टक्के बिलातच लावतात. पाच जणांच्या एका कॅरेक्टर जेवणाची टिपच पाच हजारांच्या घरात जाते. शिवाय अशा जेवणाला तास-दीड तास सहज जातो, आणि पार्कच्या तिकिटाचे पैसे बघता तो वेळही फुकट नाही.

त्यामुळे मुलीसाठी एकच कॅरेक्टर जेवण करायचं, पैसे भरून, आणि तेही ब्रेकफास्टचं. प्लॅनवाल्याला ब्रेकफास्ट आणि डिनर दोन्हीला एकच क्रेडिट जातं म्हणून ते डिनर घेतात, आपण रोख देणार असू तर ब्रेकफास्ट बराच स्वस्त, आणि मिकी तोच. कंटेम्पररीला जायला पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून ज्या दिवशी पार्क नाही त्या दिवशी ठेवलंय. सासूबाईंसाठी ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातलं सना रेस्टॉरंट ठरवलंय, तिथे नान आणि त्यासोबत वेगवेगळ्या चटण्या मिळतात आणि खिडकीतून जिराफ, झेब्रे दिसतात.

अजून एक, जे आपल्या लोकांना सांगितलं की पटतच नाही. डिस्नी वर्ल्डच्या पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं. काचेच्या बाटल्या नकोत, दारू नको, बाकी घरून डबा भरून न्या. आपल्या डोक्यात खोपोलीचं इमॅजिका असतं, तिथे बाहेरचं चालत नाही, म्हणून तिथे जाताना तिकिटासोबत जेवण घेणं मला पटतं, एका दिवसाचा प्रश्न, आत काय ते एकदाच ठरलेलं. पण जिथे बॅगेतून मेथीचे ठेपले आणि खाकरे नेता येतात तिथे दोन्ही जेवणांचे पैसे आधीच का भरायचे? राम मारुती रोडवर उपम्याची, पोह्यांची गरम पाणी घालून होणारी पाकिटं मिळतात ती घेणार आहे, दाण्याची चटणी आणि मेतकूट घरचं. विमानतळावर कस्टमला खाण्याचं सामान आहे असं सरळ सांगायचं, लपवायचं नाही.

आता नवऱ्याचा मुद्दा, आणि तो मला खोडता आला नाही. तो म्हणतो, पैसे आधी भरलेले असले की तिथे मुलांना प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत बसावं लागत नाही. आपण आयुष्यात एकदा जातोय, आणि ६ डॉलरच्या आइस्क्रीमला मनात नव्वदने गुणत उभं राहायचं, हे मलाही नको आहे. हा गुणाकार आपल्या लोकांची अख्खी ट्रिप खातो, मी बघितलंय. पण यासाठी प्लॅनच लागतो असं नाही. दिरांना सांगून डिस्नीची गिफ्ट कार्डं घेऊन ठेवणार आहोत, ती पार्कात आणि हॉटेलात खाण्याला चालतात, त्यांची मुदत संपत नाही. दिवसाला २०० च्या हिशोबाने कार्डं भरायची आणि वर थोडं जास्त. तेवढे पैसे खर्च झाले असंच समजायचं आणि तिथे कुणी रुपयांत बोलायचं नाही. मुलाला त्याचं वेगळं छोटं कार्ड देणार, स्नॅकचं, त्यातून त्याने दिवसभरात काय घ्यायचं ते घ्यावं. उरलं तर रद्द होत नाही, शेवटच्या दिवशी उरलेल्या स्नॅक क्रेडिटमध्ये पिशवीभर कुकीज उचलायची धावपळ नाही, आणि सासूबाईंना कुणी सांगणार नाही की पैसे भरलेत म्हणून संपवा.

टेबलचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, तिकडच्या सकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे मार्चमध्ये त्यांची घड्याळं बदलल्यावर आपल्याकडे दुपारी साडेतीन. शेफ मिकीज पटकन भरतं. त्या दुपारी मी ऑफिसमध्ये मीटिंग ठेवलेली नाही, आणि जाऊबाई तिकडे पहाटे उठून लॉगिन करून बसणार आहेत, प्लॅन घेतला नाही म्हणून जरा नाराज आहेत तरीही.