पोंभुर्ले: दर्पणकारांच्या गावात

देवगडला जाणारे बहुतेक जण हापूस, समुद्र आणि विजयदुर्ग एवढ्यावर खूश असतात. पोंभुर्ल्याला मुद्दाम वाट वाकडी करून कोण जातंय? आम्ही गेलो, कारण बरोबरच्या काकांची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. बाळशास्त्री जांभेकरांच्या गावी जायचंच, हा हट्ट त्यांनी मुंबईपासून धरला होता.

महामार्ग सोडला की चिऱ्याचे गडगे, आंबा-काजूच्या बागा, आणि रस्त्यावर आपल्याशिवाय कोणी नाही. स्मारकाशी पोचल्यावर काकांनी देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढल्या. पाटीवर आपण शाळेत पाठ केलेलंच: आद्य मराठी पत्रकार, 'दर्पण'. खोटं काहीच नाही, पण माणूस त्यात मावत नाही.

६ जानेवारी १८३२ ला मुंबईत पहिला अंक निघाला, तेव्हा शास्त्रीबुवा जेमतेम विशीतले. गुजराती 'मुंबई समाचार' १८२२ पासूनच चालू होता. मराठीला दहा वर्षं उशीर झाला. 'दर्पण' आधी पाक्षिक होता, काही महिन्यांतच साप्ताहिक झाला. मजकूर दोन रकान्यांत, एकात मराठी, शेजारी इंग्रजी. आपल्या लोकांना नवी विद्या कळावी आणि साहेबालाही इथल्यांचं म्हणणं कळावं, असा दुहेरी बेत.

काकांचं लक्ष मात्र त्या दोन रकान्यांच्या कष्टांकडे. "इंग्रजीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, थोडक्यात भागतात रे," ते म्हणाले. "आपल्याला काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळ्याचे खण वेगळे. त्यात दोन्ही रकाने एका उंचीवर आणायचे. खिळे जुळवणाऱ्याचा जीव जात असेल." मी इतकी वर्षं 'दर्पण' म्हणजे विचार, प्रबोधन वगैरेच समजत होतो, हातांना लागलेली शाई कधी डोक्यातच आली नव्हती.

'दर्पण' १८४० मध्ये बंद पडला. त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' मासिक काढलं. शिवाय एल्फिन्स्टनमध्ये शिकवणं (दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी), कुलाबा वेधशाळेचं काम, शिलालेख-ताम्रपटांचं वाचन, १८४५ ची छापील ज्ञानेश्वरी. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपत शेषाद्रीला परत जातीत घ्यावं म्हणून ते झगडले, तेव्हा सनातन्यांनी त्यांच्यावरच झोड उठवली. १८४६ मध्ये, चौतिशीत, सगळं संपलं.

एक तक्रार आहेच. 'दर्पण'मधले त्यांचे सहकारी भाऊ महाजन यांचं नाव आपण फारसं घेत नाही. त्यांनीच पुढे १८४१ मध्ये 'प्रभाकर' काढला, आणि लोकहितवादींची शतपत्रं छापली ती त्यातच.

६ जानेवारी हा आता पत्रकार दिन. भाषणं, हारतुरे नको असतील तर ती तारीख सोडून जा, आणि पाणी बरोबर ठेवा. उन्हाळ्यात चिऱ्याचा कातळ दुपारी पाय ठेवू देत नाही.