स्लॅबच्या दिवशी पहाटे काका म्हणाले, "आज नको"

स्लॅबच्या दिवशी पहाटे साडेपाचला क्लायंटचा फोन आला की पोटात गोळाच येतो, त्या वेळेला चांगलं सांगायला कोण फोन करतंय. रात्रीत टाकी गळून रिकामी झालेली असते नाहीतर मिक्सरवाला रस्त्यात पंक्चर होऊन बसलेला असतो. त्या दिवशी काका एवढंच म्हणाले, "सर, आज स्लॅब नको," आणि ठेवला फोन. परत लावला तर उचलेनात.

मी कराडला घरांची कामं करतो, १८ वर्षं झाली. मोठे प्रोजेक्ट वगैरे काही नाही, दोन-तीन गुंठ्यातली घरं, रिटायर झालेली माणसं, नोकरीवाले, एखादा पेन्शनीतला फौजी. ह्या काकांचं काम गावाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, मूळचे पाटण तालुक्यातले, सगळी नोकरी भाड्याच्या खोल्यांत काढली आणि आता फंडाचे पैसे आणि थोरल्या मुलाच्या नावावर १८ लाखाचं कर्ज मिळून घर उभं करत होते. थोरला पुण्याला कंपनीत, लग्न झालेला. धाकटा इथंच एका मेडिकलमध्ये कामाला, त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं.

काकांकडे २०० पानी वही होती, शाळेतल्यासारखा समास आखलेला. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला शंका. पायाच्या वेळी शंका कमी होत्या, जोत्याला वाढल्या आणि स्लॅब जवळ आला तसे रात्री अकराला फोन सुरू झाले. खिडकी ४ फुटी बरी का ५ फुटी, टाईल्स मॅट का ग्लॉसी, बाथरूमचं दार आत उघडलं तर बादली कुठं ठेवायची. मी उत्तर द्यायचो, काका बरं म्हणायचे आणि चार दिवसांनी तीच शंका नवीन कपडे घालून परत यायची. बायकोने एकदा विचारलं की हे तुमचे पेशंट आहेत का क्लायंट.

खरं सांगू का, निम्म्या शंका काकांच्या नव्हत्याच. बांधकाम चालू असलेल्या घरावर बघायला येणारा प्रत्येक पाहुणा एक सल्ला ठेवून जातो, तो स्वतः चहा पिऊन मोकळा होतो आणि घरमालक रात्रभर छताकडे बघत पडतो. आदल्या संध्याकाळी काकूंचे भाऊ येऊन गेले होते हे मला माहीत होतं, त्यामुळे गाडी काढतानाच अंदाज आला की काहीतरी पेरून गेले असणार.

साईटवर पोचलो तर विजापूरकडची गँग टेंपोतून उतरत होती, बायका धरून २४ माणसं. लिफ्टचा मिक्सर लागलेला, १३० पोती सिमेंट आत रचलेलं, खडी आणि क्रश सँडचे ढीग. आणि त्या क्रश सँडच्या ढिगाला टेकून काका बसलेले, मफलर गुंडाळून, हातात बॅटरी. चारपासून आले होते म्हणे. बॅटरी मारून सगळ्या सळ्यांखालचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी फळीला टेकू नये म्हणून ठेवतात ते छोटे ठोकळे, बघून झाले होते, दोन ठिकाणी सरकलेत हे पण त्यांनी मला सांगितलं, आणि ते खरंच सरकले होते.

मुकादम माझ्याजवळ आला. "साहेब, माल टाकायचा का नाही सांगा की लवकर. ऊन होतंय."

आता इथं मी चुकलो ते सांगतो. मी हिशोब काढला. आज माणसं परत पाठवली तर गँगची हजेरी भरावी लागणार, मिक्सरचं भाडं जाणार, परत गँग कधी मिळेल सांगता येत नाही, बँकेचा पुढचा हप्ता स्लॅबवर अडकलाय. सगळं बरोबर होतं आणि सगळं चुकीच्या वेळी होतं. आठवडाभर न झोपलेल्या माणसाला पैशाचं सांगितलं की तो ऐकत नाही, तो फक्त अजून घाबरतो. काका म्हणाले, "वास्तूप्रमाणे जिना मध्यावर चालत नाही." मी म्हटलं काका तो मध्यावर नाहीये, नैऋत्येकडंच सरकवलाय, तुम्हीच सांगितलं होतं. मग म्हणाले ५ इंचाचा स्लॅब कमी वाटतो. मग म्हणाले तारीख बरी नाही. तीन मिनिटात तीन कारणं. म्हणजे खरं कारण चौथंच होतं.

मी मुकादमाला म्हटलं सगळ्यांना चहा-नाश्ता करून घ्या आणि काकांना घेऊन टपरीवर गेलो.

चहा येईपर्यंत मी त्यांना माझ्या घराचं सांगितलं, हे मी सहसा क्लायंटला सांगत नाही कारण धंद्याला बरं दिसत नाही. माझ्या स्वतःच्या घरात किचनचा ओटा ग्रॅनाईट बसवून आठ दिवसात फोडला होता. मीच काढलेला प्लॅन, मीच उभा राहून करून घेतलेला, आणि सिंक उजवीकडे का डावीकडे ह्यावरून रात्री दोनला उठून मी अंधारात भांडी घासायची ॲक्टिंग करत होतो. फोडल्यावर दुसरा बसवला, तोही काही फार वेगळा नाही, पण त्यानंतर झोप लागली. काका पहिल्यांदा हसले.

मग बोलायला लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. दगड-मातीचं घर, माळवद. आजीने ओढून बाहेर काढलं आणि मागे भिंत बसली. पुढे कित्येक दिवस रानात खोपटात झोपले. "तेव्हापासून सर, डोक्यावर काय आहे ते बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. आणि आज मी माझ्या हाताने पोराबाळांच्या डोक्यावर एवढं वजन चढवणार."

आमचा सगळा कोयनेचा पट्टा आहे, म्हणून कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती ज्या रिंगा असतात त्यांच्या हुकांच्या बाबतीत मी जरा खडूस आहे, हुक ९० अंशात नुसता वाकवून चालत नाही, १३५ अंशात आत वळवलेला पाहिजे. बारबेंडर कुरकुरतात कारण वेळ लागतो. काकांना मी परत नेऊन कॉलमच्या डोक्याशी बसवलं आणि एकेक हुक बोटाने चाचपून बघायला लावला. नुसतं "मजबूत आहे हो" म्हणण्यापेक्षा हे बरं. त्यांनी सहा कॉलम बघितले, मास्तर लोकांसारखं प्रत्येकाला मान हलवून पास केलं.

मला वाटलं झालं. पण नाही.

मी वही मागितली. शंकांच्या बाजूला ३१ ओळी होत्या. म्हटलं काका, ह्यातल्या आज काँक्रीट पडल्यावर परत बदलता येणार नाहीत अशा कुठल्या ते आपण बघू, बाकीच्या उद्या. टाईल्स खोडली, दारं खोडली, ग्रिल, रंग, ओटा, खिडकीचं काचेचं शटर, सगळं खोडत गेलो. राहिल्या चार. वरच्या बाथरूमचा सन्क, म्हणजे तिथला स्लॅब, किती खाली घ्यायचा, हॉलमधल्या फॅनचे बॉक्स, टेरेसच्या पाण्याचा पाईप आणि जिना. पहिल्या तीन पाच मिनिटात मिटल्या. जिन्याच्या ओळीवर त्यांनी पेन ठेवलं आणि उचललंच नाही.

"जिना बाहेरून पाहिजे होता," म्हणाले. मी म्हटलं नकाशात आतून तुम्हीच घ्यायला लावला. "हिने लावला," काका म्हणाले. "आत जिना असला की वरचे खाली येतात, एका चुलीवर जेवतात असं तिचं. आणि मला दिसतंय सर, पोरं एकत्र राहणार नाहीत. थोरल्याने कर्ज काढलंय, उद्या धाकट्याची बायको येईल, वरच्या माणसाला रोज खालच्याच्या हॉलमधून जायचं. भांडण जिन्यावरूनच सुरू होणार बघा. पण हे मी घरात बोललो तर मीच घर फोडतोय असं होईल."

काकूंचे भाऊ आदल्या दिवशी सहज म्हणाले होते, वरचा मजला भाड्याने द्यायचा झाला तर काय करणार. एवढंच. त्या एका वाक्यावर माणूस चारला उठून येऊन बसला होता.

ह्यावर इंजिनिअरकडे उत्तर नसतं. पण पूर्वेला कॉर्नरच्या रस्त्यामुळे १० फूट मोकळी जागा सुटली होती, तिथं बाहेरचा जिना बसू शकतो. आत्ता करायचा तर मंजूर नकाशा रिवाइज करावा लागणार, म्हणजे आज नाहीच. पण बीममधून सळ्या बाहेर सोडून ठेवता येतात, उद्या गरज पडली तर परवानगी काढून त्याला जोडून जिना टाकायचा आणि आतलं ओपनिंग चारी बाजूंनी बीम असल्यामुळे बुजवायचं. नाही गरज पडली तर सळ्या तशाच.

आमचे आरसीसी डिझायनर सांगलीला असतात, सातला फोन केला तर आधी घाबरून विचारलं काय पडलं. त्यांना सगळं सांगितलं, पाचेक मिनिटांनी त्यांचा परत फोन आला. लँडिंग मधे नको, कॉलमजवळ घे, त्या बीमला खाली १६ एमएमच्या दोन सळ्या वाढव, रिंगा ४ इंचावर आण, आणि १० एमएमच्या डॉवेल, म्हणजे पुढे जिना जोडायच्या सळ्या, २ फूट बाहेर ठेव. सेंट्रिंगच्या मिस्त्रीने साईडच्या फळीला भोकं पाडायला सुरुवात केली, पुटपुटत, कारण त्याची फळी नवीन होती. बारबेंडर जायच्या तयारीत होता त्याला परत बोलावलं. वर-खाली मिळून १८ सळ्या, ४ फूट रुंदीत. ह्या सगळ्यात दीड-पावणेदोन तास गेले आणि मुकादमाने माझ्याकडे बघणं बंद केलं.

काका एकदाच जवळ येऊन हळू म्हणाले, "हिला कारण सांगू नका."

नऊला काकू ताट घेऊन आल्या, नारळ फुटला, मिक्सरला हळद-कुंकू लागलं आणि साडेनऊला पहिला माल वर गेला. एकदा मिक्सर सुरू झाला की विचार करायला जागाच राहत नाही. घमेली, व्हायब्रेटरचा आवाज, कोणाचा पाय पाईपवर पडला म्हणून इलेक्ट्रिशियनची बोंबाबोंब. जास्त पाणी ओतायची मिक्सरवाल्याची सवय, माल पातळ असला की त्याला सोपं जातं पण ताकद जाते, त्याच्यावर मी डोळा ठेवून होतो. काका पोती मोजत होते. त्याच मालाचे १५० एमएमचे सहा क्यूब, म्हणजे तपासणीचे ठोकळे, भरले तेव्हा त्यांना नीट समजावलं की ह्यातले तीन २८ दिवसांनी फोडून बघणार, तर म्हणाले बरं झालं, पेपर तपासल्याशिवाय निकाल नाही. दुपारी काकूंचा मसालेभात आणि जिलेबी, गँगमधल्या बायका काकूंशी कानडीत बोलत होत्या आणि काकू मराठीत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

मधे एक तास काका कुठं दिसेनात. बघितलं तर रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांवर झोपले होते, व्हायब्रेटर डोक्यावर चालू असताना.

पावणेसहाला शेवटचं घमेलं पडलं. कडेला धापी मारून झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी वाफे करून पाणी बांधायचं, टेकू १४ दिवस हलवायचे नाहीत, बीमखालचे तर अजिबात नाहीत, हे मी धाकट्याला सांगत होतो. तेवढ्यात काकू उरलेली जिलेबी घेऊन पूर्वेच्या बाजूने आल्या आणि वर बघत थांबल्या.

"ह्या एवढ्या सळ्या बाहेर कशाला सोडल्यात ओ?"

काका एकदम खाली बसून रिकामी पोती परत मोजायला लागले. मी म्हटलं, "पुढंमागं लागल्या तर असाव्यात म्हणून."

काकू बराच वेळ बघत होत्या. पहिल्या सळीपासून शेवटच्या सळीपर्यंत, मग खाली जमिनीवर, मग परत वर.

"पावसाळ्यात गंजतील की," म्हणाल्या. "सिमेंटचं पाणी मारून ठेवा त्यांना. धाकट्याचं लग्न होईपर्यंत तरी टिकायला पाहिजेत." आणि जिलेबीचं ताट माझ्यापुढे धरलं.