शोषखड्ड्याआधीचा खड्डा

मे महिन्यातल्या काळ्या मातीवर पाण्याच्या बाबतीत विश्वास ठेवू नये, हे मी प्रत्येक घरमालकाला सांगतो. परंतु सिमरोलजवळच्या त्या प्लॉटवर ते नुसते सांगून पटण्यासारखे नव्हते. बँकेतून निवृत्त झालेले इंदूरचे एक काका तिथे घर बांधत होते. ड्रेनेजची लाइन जवळपास नसल्यामुळे सेप्टिक टँक बांधणे भागच होते, आणि टँकमधून बाहेर येणारे पाणी शोषखड्ड्यात सोडायचे, हे ठेकेदाराने परस्पर ठरवून टाकले होते.

जमिनीत पाणी किती वेगाने जिरते ते बघणाऱ्या पाझर चाचणीसाठी मीटरभर खोल खड्डा घेतला. पहारीने खणताना भिंतींवर माती लिंपल्यासारखी बसते आणि पाझर अडतो, म्हणून भिंती लोखंडी टोकाने खरवडून घेतल्या, सुटी माती उपसली, तळाशी ५० मिलिमीटर जाड वाळू पसरली आणि तिच्यावर ३०० मिलिमीटर पाणी भरले. ते बघता बघता नाहीसे झाले. पुन्हा भरले, तेही गेले. मिस्त्री खुशीत म्हणाला, "साहब, ये ज़मीन तो पी रही है।" काकांनी माझ्याकडे पाहिले ते, या माणसाची फी उगाच दिली, अशाच नजरेने.

खड्ड्याच्या एका भिंतीत बोट सहज शिरेल एवढी भेग होती आणि पाणी सारे तिच्यातून पळत होते. माळव्याच्या काळ्या मातीतले चिकणखनिज उन्हात आकसते आणि पाण्याने फुगते. भेगा बुजल्याशिवाय मातीचा खरा पाझर कळतच नाही. सेप्टिक टँकसाठीच्या भारतीय मानक २४७० मध्ये माती रात्रभर भिजवून मगच मोजणी करायला सांगितली आहे ती याचसाठी, आणि घाईची मंडळी नेमकी हीच पायरी गाळतात. चौकीदाराला रात्री पाणी भरत राहायला सांगून आम्ही परतलो.

सकाळी खड्ड्यात पाणी तसेच उभे होते. भेग शोधूनही सापडेना. जिथे ती होती तिथली माती बोटाला चिकटून येत होती. वाळूवर १५० मिलिमीटर पाणी ठेवून, खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या फळीपासून अर्ध्या तासाची घट मोजली, ती ४ मिलिमीटर भरली. म्हणजे पातळी २५ मिलिमीटर उतरायला तीन तासांहून अधिक वेळ लागणार. मानकानुसार या उतारासाठी ३० मिनिटांपर्यंत लागत असतील तर शोषखड्डा चालतो, ६० मिनिटांपर्यंत पाझरचर, म्हणजे पाणी जिरवणारा लांब चर, आणि त्यापुढे दोन्हींचा नाद सोडायचा. "अहो, मग खड्डाच मोठा घेऊ या ना," काका म्हणाले. मी म्हणालो, "काका, पावसाळ्यात तो बाहेरच्याच पाण्याने भरेल, आणि मग टँकचे पाणी संडासातून परत वर येईल."

प्लॉटच्या चढाच्या कोपऱ्यात माती फिकट दिसत होती. तिथे हातभर खाली मुरूम लागला. त्या खड्ड्यात रात्रीचे पाणी टिकले नाही, म्हणून चार तास दर अर्ध्या तासाने पाणी भरून मोजत गेलो. शेवटची घट ४५ मिलिमीटर आली, म्हणजे २५ मिलिमीटरला जेमतेम १७ मिनिटे. ठेकेदाराचा चेहरा खुलला. मी टेप घेऊन कुंपणापलीकडच्या बोअरिंगपर्यंत अंतर मोजले, तर ते १२ मीटर निघाले. पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर सोडावे लागतात, आणि मुरमाखाली भेगाळ बेसाल्ट असेल तर मला तेवढेही अंतर थोडेच वाटते. पाणी लवकर जिरणारी जागा आणि शेजाऱ्याची बोअरिंग अशी समोरासमोर आल्यावर वाद घालण्यासारखे काही उरले नव्हते.

अहवालात मी टँकपुढे गिट्टीचा, खालून वर पाणी चढणारा फिल्टर आणि त्याच्यापुढे जमिनीवर उचललेला, झाडे लावलेला वाफा सुचवला. ठेकेदाराने खर्चाचा आकडा काढला, तो काकांना अर्थातच आवडला नाही. त्यांनी दोन दिवस मागून घेतले, आणि तिसऱ्या दिवशी फोन करून वाफ्यात कर्दळ चालेल का, एवढेच विचारले.