जुलै २०२२ ची वही: बारा सामने, आणि तो दुसरा शनिवार

मंडळी, मागच्या नोंदीपर्यंत सात सामने झाले होते. आज बारा पुरे. जुलै २०२२ च्या रग्बीच्या तीन-तीन सामन्यांच्या चारही मालिका, म्हणजे न्यूझीलंडात आयर्लंड, ऑस्ट्रेलियात इंग्लंड, दक्षिण आफ्रिकेत वेल्स आणि अर्जेंटिनात स्कॉटलंड, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पेन हातात धरून पुन्हा पाहून झाल्या. फ्रान्स जपानला गेला होता, पण ती दोनच सामन्यांची मालिका, म्हणून यावेळी बाजूला ठेवली.

नवीन आलेल्यांसाठी पद्धत सांगतो. वहीचं एक पान म्हणजे एक सामना. डावीकडे मिनिट, मध्ये गुण, उजवीकडे चेंडू एका संघाकडून दुसऱ्याकडे का गेला त्याचं कारण. शिवाय दर सामन्याला एकच खेळाडू निवडायचा आणि चेंडू कुठेही असो, नजर त्याच्यावरच ठेवायची. हे लिहायला सोपं आहे. पहिले तीन सामने माझी नजर दर दहा सेकंदांनी चेंडूमागे पळत होती.

तेव्हा हे सगळं थेट पाहिलं होतं, पण तो शनिवार कसा असायचा आठवतंय ना? दुपारी साडेबाराच्या सुमाराला न्यूझीलंड, जेवणाचं ताट मांडीवर. ते संपतंय तोवर ऑस्ट्रेलिया. रात्री साडेआठनंतर आफ्रिका. आणि अर्जेंटिना मध्यरात्र उलटल्यावर. चौथ्या सामन्याला माझ्या जुन्या वहीत नुसते गुण आहेत, तेही एका ठिकाणी चुकलेले.

पहिला शनिवार, २ जुलै, चारही यजमान जिंकले. ऑकलंडला ४२-१९, मध्यंतरालाच २८-५. पर्थला ऑस्ट्रेलियाने ३०-२८ असं जिंकलं, तेही डार्सी स्वेनला लाल कार्ड मिळाल्यावर चौदा जणांत. हुहुईला अर्जेंटिना २६-१८. प्रिटोरियाचा सामना मात्र सावकाश बघण्यासारखा आहे. वेल्स मध्यंतराला १८-३ ने पुढे, लुई रीस-झॅमिटचे दोन ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला की पाच गुण), आणि तिथून चार पिवळी कार्डं (दर कार्डाला एक माणूस दहा मिनिटं बाहेर) घेत घेत त्यांनी सामना स्वतःच्या हाताने सोडला. शेवटच्या किकला दक्षिण आफ्रिकेच्या डेमियन विलेम्सेची पेनल्टी (तीन गुणांची किक), ३२-२९. माझ्या पानाचा उजवा रकाना तिथे नुसता लाल आहे.

दुसरा शनिवार, ९ जुलै, चारही पाहुणे जिंकले. एकाच दिवशी, चार देशांत. हे तेव्हा मी ‘योगायोग’ असं लिहून पुढे गेलो होतो. आता तसं लिहवत नाही, पण याउलट ‘पाहुणे आठवड्यात शिकले’ एवढंच लिहूनही भागत नाही. ब्लूमफाँटेनला दक्षिण आफ्रिकेने चौदा बदल केले होते, पहिल्या संघातला एकटा एबेन एट्झेबेथ राहिला. तरी ७८ व्या मिनिटाला १२-६ होते त्यांचे. मग कोपऱ्यात जॉश अ‍ॅडम्सचा ट्राय, १२-११, आणि गॅरेथ अँस्कमची कडेवरून ट्रायनंतरची दोन गुणांची किक. १३-१२. दक्षिण आफ्रिकेत जाऊन वेल्सने जिंकलेला पहिलाच कसोटी सामना. ती किक मी सहा वेळा मागे घेऊन पाहिली, दर वेळी वाटतं आता खांबाबाहेर जाणार.

आणि डनेडिन. या एका पानावर माझे दोन रविवार गेले. ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडचा, लीसेस्टर फायंगाअनुकू पिवळ्या कार्डावर बाहेर, मग प्रॉप (स्क्रमच्या पुढच्या फळीतला गडी) ओफा टुउंगाफासी पिवळ्यावर, मग स्क्रमसाठी (दोन्ही संघ वाकून भिडतात आणि चेंडूसाठी रेटतात, त्यासाठी) आत आणलेला अँगस टा’अवाओ आयर्लंडच्या गॅरी रिंगरोजच्या डोक्याला डोकं लागलं म्हणून लाल कार्डावर. आता पुढच्या फळीत खेळणारा माणूसच उरला नाही, म्हणून आणखी एक प्रॉप आत आणायचा आणि कुणीतरी बाहेर जायचं. बाहेर गेला तो आर्डी सवेआ, आणि परत आलाच नाही. मी चित्र थांबवून पडद्यावर बोट ठेवून काळे जर्सीवाले मोजत बसलो होतो. तेरा? चौदा? आई मागून आली. म्हणाली, “हरवलंय का कुणी?” म्हटलं, हो, तोच शोधतोय. पंचांना ज्यात घोळ झाला तिथे माझं पहिल्या फेरीत चुकलं तर नवल नाही, पण आता पान बरोबर आहे. २३-१२. आयर्लंडच्या अँड्र्यू पोर्टरचे दोन ट्राय, बाकीचं बरंचसं कर्णधार जॉनी सेक्स्टनच्या बुटाने. आयर्लंडने न्यूझीलंडच्या भूमीवर त्यांना हरवलं ते याच दिवशी, पहिल्यांदा.

लाल कार्डाने सामना फिरला असं म्हणणाऱ्यांना माझं एकच म्हणणं: वेलिंग्टन बघा. १६ जुलै, पूर्वार्धभर पंधरा विरुद्ध पंधरा, आणि मध्यंतराला २२-३ असा आयर्लंड पुढे. माझा निवडलेला खेळाडू होता आयर्लंडचा जोश व्हॅन डर फ्लायर. २०२२ च्या वहीत त्याच्या नावापुढे मी चक्क लिहिलंय, ‘दिसला नाही’. आता कळलं की तो दिसत नाही कारण तो ढिगाऱ्याखाली असतो. ज्यांनी कबड्डी पाहिलीय त्यांना लवकर समजेल. चढाईवाल्याकडे सगळे बघतात, पण घोट्याची पकड कोण घालतंय आणि साखळी किती वेळात बंद होतेय यावर गुण ठरतो. रकमध्ये, म्हणजे पडलेल्या खेळाडूवर चेंडूसाठी होणाऱ्या रेटारेटीत, तसंच. पकड झाली की दुसरा माणूस किती लवकर पोचतो तेच बघायचं. पहिला ट्राय त्याचाच, मॉलच्या (चेंडूवाल्याला घेऊन उभ्याने ढकलत जाणाऱ्या घोळक्याच्या) मागून. (मॉल हा शब्द ऐकून आईने खरेदीचं विचारलं, तो विषय वेगळा.) त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि मी त्याला ‘दिसला नाही’ म्हणालो होतो.

उत्तरार्धात न्यूझीलंड उठलं. सवेआ, अकिरा इओआने, मग विल जॉर्डनची ती लांबलचक धाव. २५-२२. या क्षणाला थेट पाहताना मी आयर्लंडला सोडून दिलं होतं. मग आयर्लंडच्या रॉब हेरिंगचा ट्राय, ३२-२२. पाहुण्या देशाने न्यूझीलंडात मालिका जिंकण्याची आधीची वेळ १९९४ ची, फ्रान्सची. ऑकलंडच्या ईडन पार्कवर ऑल ब्लॅक्स शेवटचे हरले तेही त्याच मालिकेत.

उरलेलं थोडक्यात. सिडनीत इंग्लंड २१-१७, मालिका २-१. ऑस्ट्रेलियाच्या हातून चेंडू निसटला आणि मार्कस स्मिथ अर्धं मैदान एकटा पळाला. केपटाउनला दक्षिण आफ्रिका ३०-१४, एट्झेबेथची शंभरावी कसोटी. सांतियागो देल एस्तेरोला अर्जेंटिनाच्या एमिलियानो बोफेलीचा ट्राय वेळ संपल्यावर, अर्जेंटिना ३४-३१. बेरीज केली तर पहिल्या आठवड्यात यजमान ४-०, दुसऱ्यात पाहुणे ४-०, तिसऱ्यात २-२. बारातले सहा-सहा.

मला हेच हवं होतं: तोच प्रतिस्पर्धी, तीन शनिवार लागोपाठ. एकदा हरला की आठवडाभर त्याच हॉटेलात बसून तोच सामना पुन्हा बघायचा आणि परत त्यांच्यासमोरच उभं राहायचं. २०२६ पासून जुलैत नवी नेशन्स चॅम्पियनशिप, म्हणजे पाहुणा संघ तीन आठवड्यांत तीन वेगळ्या देशांशी खेळणार. गुणतक्ता मस्त दिसेल. माझ्या वहीचा दुसरा शनिवार मात्र गेला. एक वर्षाआड का होईना, जुन्या पद्धतीचे दौरे राहावेत एवढीच इच्छा.

तेव्हा आता याच दौऱ्यातली राहिलेली दोन पानं. आयर्लंड माओरी ऑल ब्लॅक्सशी (न्यूझीलंडच्या माओरी वंशाच्या खेळाडूंच्या संघाशी) दोनदा खेळलं, हॅमिल्टनला २९ जूनला ३२-१७ असं हरलं आणि १२ जुलैला वेलिंग्टनला ३०-२४ असं जिंकलं. तिथेही पहिला पडला, दुसरा उचलला. वेलिंग्टनचं पान सुरू केलंय. हॅमिल्टनचा पूर्ण सामना कुणाकडे असेल तर सांगा. कात्रणं नकोत, कात्रणांत रक कापलेले असतात.