११२ चौकोन आणि हल्याळची कवंदी

कर्नाटकातल्या हल्याळला निघताना माझ्या पिशवीत गोधडीसाठी कापलेले कापडाचे ११२ चौकोन होते. प्रत्येक बरोबर चार इंची, कडक इस्त्रीचा, रंगाप्रमाणे गठ्ठे करून बिस्किटांच्या डब्यात रचलेला. बँकवालीने गाडीत झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, "अगं, परीक्षेला निघालीयस का?"

आम्ही चौघी. दर गुरुवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमतो, तुकडे जोडतो, आणि जोडता जोडता गावभरच्या गोष्टी उसवतो. बँकवाली निवृत्त झाली तेव्हा तिला वेळ खायला उठला होता, तिच्यासाठी म्हणून सुरू केलेला हा उद्योग आता आम्हा सगळ्यांनाच चिकटलाय. डॉक्टरीणबाई टाके घालण्यात सगळ्यात कच्च्या आहेत (हसू नका, त्या फिजिशियन आहेत). चौथी माझी शेजारीण. तिच्या हातात तिच्या आईचा हात आहे. माझा गोल पात्याचा कटर पहिल्यांदा बघितला तेव्हा तिने विचारलं होतं, "पिझ्झा कापायचं शिवायला कशाला घेतलंस?"

आमच्या कोल्हापूरकडे वाकळ, इतर बऱ्याच ठिकाणी गोधडी, बेळगावच्या पुढे कौदी, आणि हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात सिद्दी बायका शिवतात ती कवंदी. शेवटच्या नावासाठीच ही सहल होती. शेजारणीच्या भाच्याची ओळख हल्याळच्या एका शिक्षकांशी, त्यांची ओळख जवळच्या वाडीतल्या एका अक्कांशी, अशा ठिगळाला ठिगळ लावत आमची दोन दिवसांची सोय झाली. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. अक्कांच्या अंगणात उद्या दहा गाड्या उभ्या राहिल्या तर त्यांनी कामं कधी करायची?

निपाणी, बेळगाव, खानापूर. इथवर हायवे आणि गप्पा, लिहिण्यासारखं काही नाही. नंदगडला मात्र थांबलो. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये इथेच फाशी दिलं, त्याची समाधी आहे. पुढे हल्याळकडे जाताना झाडी दाट होत गेली, सागाची मोठी पानं रस्त्यावर वाळून पडलेली, आणि खिडकी उघडताच गाडीतलं बोलणं थांबलं. चौघी एकाच वेळी गप्प बसण्याचा हा प्रसंग मी नोंदवून ठेवते आहे.

सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. हे सिद्दी वेगळ्या वाटेने आले. आफ्रिकेतून, बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणले गेलेले लोक. त्यातले कितीतरी निसटून घाटातल्या जंगलात शिरले आणि इथेच रुजले. २००३ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचा अनुसूचित जमातीत समावेश झाला. हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान असे तिन्ही धर्मांचे सिद्दी इथे आहेत आणि घरात बोलतात ती कोकणी, मराठी-कन्नडचा हात फिरलेली. अक्का बोलल्या ते आम्हाला बारा आणे कळलं. आम्ही बोललो ते त्यांना सोळा आणे कळत होतं, हे उशिरा लक्षात आलं. तोवर आम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याच टाक्यांवर मोकळेपणाने मतं देऊन बसलो होतो.

सारवलेल्या ओसरीवर अक्कांनी एक जुनं सुती लुगडं पसरलं. हे अस्तर. शेजारी चिंध्यांचं गाठोडं सोडलं: परकराचे तुकडे, शाळेच्या गणवेशाचा निळा, कुणाच्या तरी शर्टाची बाही, तीही बटणासकट. मी पुढे होऊन माझा डबा उघडला. त्यांनी एक चौकोन उचलला, उलटसुलट केला, बोटाने कडा चाचपली आणि विचारलं, "हे सगळं कापून टाकलं?"

कापून टाकलं. क्रियापद ऐकलंत ना? मी 'कापून ठेवलं' म्हणत होते.

आमची पद्धत अशी की आधी कागदावर नक्षी, मग मोजून तुकडे, मग ते पाव इंच शिलाई धरून जोडायचे, जोडांना इस्त्री, ओळीला ओळ, आणि वरचा थर पुरा झाला की मग आतला थर, अस्तर आणि धावदोरा. जोडणं वेगळं, शिवणं वेगळं. यात मापाची फार बोच असते. एकेका जोडात अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कापड जास्त गेलं तरी बारा तुकड्यांची पट्टी अर्ध्या इंचाहून जास्त आखूड होते आणि शेजारच्या पट्टीशी तिचे कोपरे जुळत नाहीत. त्या न जुळलेल्या कोपऱ्यांपायी मी रात्री जागून काढल्या आहेत.

कवंदीत हा प्रश्नच उभा राहत नाही. सुरुवात एका कोपऱ्यापासून. अस्तराची कड आत दुमडायची, तुकड्याची कड आत दुमडायची, दोन्ही दुमडी एकमेकींवर ठेवायच्या आणि जाड दोऱ्याने सगळ्या थरांतून धावदोरा घालत काठाकाठाने निघायचं. तुकडा संपत आला की पुढचा तुकडा कड दुमडून त्याच्यावर थोडा चढवायचा. तोच टाका तुकडा धरतो आणि तोच थर बांधतो. काठाची फेरी पुरी झाली की बोटभर आत दुसरी फेरी, मग तिसरी. गोगलगाईच्या शंखासारखं फिरत फिरत मध्यावर पोचायचं. टाचणी नाही, चौकट नाही, माप नाही. तुकडा लांब असला तर लांब, वाकडा असला तर वाकडा. कुठे रंग दबला वाटला तर त्याच्यावर छोटासा चौकोन बसवायचा, ती तिकेली. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेले जाडसर त्रिकोण लावतात, त्यांना फूल म्हणतात. फुलाशिवाय कवंदी उघडी दिसते, अक्का म्हणाल्या, आणि 'उघडी' म्हणताना त्यांनी नकळत स्वतःचा पदर सावरला.

चौघींनी चार बाजू धरल्या. तासाभरात प्रत्येकीचा टाका ओळखू यायला लागला. शेजारणीचे तांदळाएवढे. बँकवालीचे सरळ पण लांब, वहीत रेघा मारल्यासारखे. डॉक्टरीणबाईंचे कुठेही जाणारे. माझे सुरुवातीला अगदी एकसारखे आणि ताणलेले, इतके की काठ चुण्या पडून आत ओढला गेला. अक्कांनी काही न बोलता सुईच्या टोकाने माझा हातभर दोरा सैल केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुगा आला. काठाकडून आत येताना अस्तर आणि वरचे तुकडे सारखे सरकत नाहीत. प्रत्येक फेरीबरोबर थोडी ढिलाई आत ढकलली जाते आणि ती सगळी मध्यावर येऊन बसते. आमची चौघींची चार तऱ्हांची ओढ, त्यामुळे मध्यभागी चक्क उशी तयार झाली. मी म्हटलं, तीन फेऱ्या उसवू. अक्कांनी कवंदी जमिनीवर पसरली, तळव्याने काठाकडून मध्याकडे दाबत आणली, उरलेल्या कापडाची एक चपटी चुणी घातली, चुणी शिवून टाकली आणि वर लाल तिकेली बसवली. दोन मिनिटं. नंतर त्यांनी स्वतःची पांघरायची कवंदी दाखवली. तिच्यातही मध्याजवळ अशा तिकेल्या होत्या. सगळ्याच का चुण्यांवर आहेत, असं विचारल्यावर त्या हसल्या, पण उत्तर दिलं नाही.

त्या पांघरुणावर मध्ये क्रूस होता. पलीकडे एका मुसलमान सिद्दी घरी कवंदीवर चंद्रकोर बघितली. टाका दोन्हीकडे एकच. हेन्री ड्रेवल या अमेरिकन कला-अभ्यासकाने या कवंद्यांवर बरंच काम केलंय, आता त्या परदेशातही ओळखीच्या आहेत. डॉक्टरीणबाईंना रात्री अमेरिकेतल्या अलाबामातल्या जीज बेंडच्या गोधड्या आठवल्या. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या बायकांनी शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांतून शिवलेल्या, ज्यांच्यावर २००६ मध्ये टपाल तिकिटंही निघाली. दोन्हीकडचं मूळ आफ्रिकेत, म्हणून हातही एकच, असं त्यांचं म्हणणं. मला ते घाईचं वाटतं. झिजलेलं कापड आणि थंडी जिथे जिथे आहे तिथे बायका थर देऊन शिवतातच. माझ्या आजीच्या वाकळेवर कुणी आफ्रिका शोधत नाही. यावर आमचं झोपेपर्यंत भांडण झालं आणि अजून मिटलेलं नाही.

दोरीवर एक छोटी कवंदी वाळत होती, पाळण्यातल्या बाळाची. बँकवालीला ती इतकी आवडली की तिने किंमत विचारली. विकायला शिवलेल्या दोन आत होत्या, त्या अक्कांनी काढून दाखवल्या, आणि त्यातली एक आम्ही घेतलीही, घासाघीस न करता. पण दोरीवरची नाही. "ती नातवाची. तो लघवी करतो तिच्यावर," अक्का म्हणाल्या, म्हणजे विषय संपला. टाकाऊतून टिकाऊ वगैरे म्हणून या कामाचं कौतुक करणाऱ्यांचा मला हल्ली राग येतो. त्या गाठोड्यात टाकाऊ काहीच नव्हतं. गणवेशाचा निळा तुकडा मोठ्या लेकीचा होता, बाही दिराची होती, आणि हे सांगत सांगतच त्या तो तो तुकडा कुठे बसवायचा ते ठरवत होत्या.

आमची कवंदी तिथे पुरी झाली नाही. तळहाताएवढा मध्य राहिला. परतताना मागच्या सीटवर तिघींच्या मांडीवर ती पसरली होती आणि दर खड्ड्याला कुणीतरी "आई गं" म्हणून बोट तोंडात घालत होतं. निपाणीला चहासाठी उतरलो तेव्हा ती कुणाकडे राहणार यावर चर्चा झाली. तीन-तीन महिने पाळीपाळीने, असं ठरलं. पहिली पाळी बँकवालीची, कारण तिच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि बाळ कवंदीवर काय करणार ते अक्कांनी सांगूनच ठेवलंय.

मध्य पुढच्या गुरुवारी भरला. शेवटचा तुकडा डॉक्टरीणबाईंनी लावला, तिरका. कुणी उसवला नाही.

माझे ११२ चौकोन अजून डब्यात आहेत. म्हणजे आता शंभर. परवा शेजारीण त्यातले बारा घेऊन गेली, न विचारता, आणि तिच्या खिडकीतून मला दिसतंय त्यावरून, तिने ते आधी वाकडे कापून घेतलेत.