डी५६००, ५० मिमी लेन्स आणि बर्डीवरचे अकरा दिवस

२०१९ च्या दिवाळीनंतर माझ्या भाचीचे अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला एकल मंचप्रयोग, नागपुरात शंकरनगरच्या साई सभागृहात ठरले आणि त्याची छायाचित्रे मावशीनेच काढावीत, असा तिने हट्ट धरला. कॅमेरा घेण्याचा विचार माझ्या मनात वर्षभर होताच. निकॉनची डी३५००, डी५६०० आणि डी७२०० ही तीन मॉडेल्स मी वहीत शेजारी शेजारी मांडली. तिन्ही २४ मेगापिक्सेलची असल्यामुळे निवड फोकसच्या बिंदूंवर आली, ते अनुक्रमे ११, ३९ आणि ५१ होते. डी३५०० सर्वांत हलका, पण त्याचा पडदा जागचा हलत नाही. डी५६०० चा पडदा बाहेर काढून फिरवता येतो. डी७२०० माझ्या मनगटाला आणि खर्चाच्या हिशेबालाही जड होता. मी डी५६०० घेतला आणि ती निवड मला आजही योग्यच वाटते. फोकस फिरवणारी मोटर कॅमेऱ्यात आहे की लेन्समध्ये, हा रकाना मात्र माझ्या वहीत नव्हता आणि दुकानात कोणी तो विषयही काढला नाही.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ पर्यंतच उघडते. नृत्याच्या कार्यक्रमात फ्लॅश मारणे योग्य नाही आणि मंचावरचा प्रकाश तर सतत बदलत असतो. एफ/१.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, म्हणून बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) त्याच दुकानात मी ५० मिमी लेन्सही मागितली. ऑटोफोकस आहे ना, असे मी स्पष्ट विचारले होते. काउंटरवरच्या मुलाने खोके माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, "आहे ना मॅडम, खोक्यावरच लिहून आहे, एएफ." ते खरेच लिहिलेले होते.

घरी लेन्स लावली तेव्हा आधी चित्रदर्शकात (व्ह्यूफाइंडरमध्ये) एफईई अशी अक्षरे लुकलुकू लागली. ती बाब सोपी निघाली. या लेन्सवर छिद्राचे (अ‍ॅपर्चरचे) कडे असते, ते नारिंगी रंगातल्या २२ या आकड्यावर आणून बाजूच्या छोट्या खिट्टीने पक्के करावे लागते. ते केल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नेम धरून मी बटण अर्धे दाबले, पण लेन्स हूं की चूं करीना. आकडे धूसर होते ते धूसरच राहिले. १८-५५ लावली की तोच कॅमेरा क्षणात फोकस करत होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि तिथून अकरा दिवसांचे हेलपाटे सुरू झाले. पहिल्या खेपेला मुलाने सर्व सेटिंग मूळ स्थितीवर नेली, म्हणजे मी जमवलेले सगळे पुसले गेले आणि लेन्स तशीच राहिली. दुसऱ्या खेपेला त्याने दुकानातला दुसरा डी५६०० काढून त्याला तीच लेन्स लावली. तिथेही ती हलली नाही, तेव्हा "लॉटच तसा आला असेल जी" असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला "सर्व्हिसवाला सोमवारी येऊन राहिला" असे सांगितले गेले. सोमवारी मी महाविद्यालयातून अर्धी रजा घेऊन गेले, दीड तास बाकावर बसले आणि तो आला नाही. चौथ्या खेपेला कॅमेरा ठेवून जा, असे सुचवले गेले. मी ठेवला नाही, आणि कोणीही दोष नेमका काय आहे हे लेखी घेतल्याशिवाय ठेवू नये. पाचव्या खेपेला मालकांनी बिल पाहिले. बिलावर फक्त "५० मिमी लेन्स" एवढेच होते. तुम्ही जे मागितले तेच दिले, असे ते शांतपणे म्हणाले. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण कार्यक्रमाला फक्त सहा दिवस उरले होते आणि मी काय मागितले होते ते त्या मुलाला पक्के आठवत होते.

त्या रात्री मी दोन्ही लेन्स उलट्या करून दिव्याखाली ठेवल्या. १८-५५ च्या मागच्या कड्यावर फक्त सोनेरी टिकल्यांची रांग होती. ५० मिमीच्या कड्यावर टिकल्या होत्याच, शिवाय एका बाजूला स्क्रूच्या डोक्यासारखी, मधोमध खाच असलेली बारीक चकती होती. म्हणजे ती चकती फिरवणारे काहीतरी कॅमेऱ्यातून बाहेर यायला हवे. मी डी५६०० चे तोंड पाहिले, तिथे तसे काहीच नव्हते. मग पुस्तिका उघडली आणि लेन्सच्या सुसंगतीचे पान नीट वाचले. ते मी खरेदीपूर्वी वाचायला हवे होते.

निकॉनच्या जुन्या एएफ लेन्समध्ये मोटर नसते; कॅमेऱ्यातली मोटर स्क्रूड्रायव्हरसारख्या छोट्या पात्याने लेन्सची चकती फिरवते. २००६ च्या डी४० पासून कंपनीने प्राथमिक गटातल्या कॅमेऱ्यांतून ही मोटर वगळली, त्यामुळे डी३५०० आणि डी५६०० यांच्यावर फोकस करण्यासाठी लेन्समध्येच मोटर हवी. डी७२०० मध्ये ती मोटर आहे. माझी लेन्स डी प्रकारची, म्हणजे याच मोटर नसलेल्या जुन्या एएफ लेन्सपैकी होती. ती सदोष नव्हती, माझ्या कॅमेऱ्यासाठी चुकीची होती.

सकाळी मी दुकान उघडतानाच पोहोचले आणि मालकांना एवढीच विनंती केली की ही लेन्स डी७२०० वर लावून दाखवा. त्यांनी ती लावली, बटण दाबले आणि खर्र असा आवाज करून समोरच्या पाटीवरची अक्षरे स्वच्छ झाली. मी दोन्ही कॅमेऱ्यांची तोंडे शेजारी धरून ते पाते दाखवले. मालक थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच मोटर असलेली एएफ-एस ५० मिमी एफ/१.८ जी लेन्स काढली आणि फरकाची रक्कम घेऊन बदलून दिली. नवीन बिलावर मी लेन्सचे नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घेतले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण मित्रमंडळी "जी लेन्स घ्या" असे सरसकट सांगतात. जी म्हणजे लेन्सवर छिद्राचे कडे नाही, एवढेच. मोटरशी त्या अक्षराचा संबंध नाही. जुनी, स्वस्त एएफ ७०-३०० एफ/४-५.६ जी लेन्सही मोटरविना आहे. पाहायची ती सुरुवातीची अक्षरे, एएफ-एस किंवा एएफ-पी. एएफ-पीचेही एक पथ्य आहे: ती डी३२०० किंवा डी५१०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर चालत नाही, त्यामुळे घरातल्या जुन्या कॅमेऱ्याला नवी लेन्स घेताना आधी यादी तपासावी.

ज्यांच्याकडे डी प्रकारची लेन्स आधीच आहे त्यांनी ती टाकून देऊ नये. डी३५०० आणि डी५६०० या दोघांच्याही मेनूत रेंजफाइंडर नावाचा पर्याय आहे. तो सुरू केल्यावर हाताने कडे कोणत्या दिशेला फिरवायचे ते चित्रदर्शकातली पट्टी दाखवते आणि फोकस जुळला की हिरवा ठिपका स्थिर होतो. बसलेल्या माणसासाठी हे पुरेसे आहे, नाचणाऱ्यासाठी नाही.

साई सभागृहात मी चौथ्या रांगेत कडेला बसले. मागचा पडदा वापरला नाही, कारण या कॅमेऱ्यांत त्यावरून फोकस करायला जास्त वेळ लागतो. डोळा चित्रदर्शकालाच लावून ठेवला. अलारिपूत, म्हणजे सुरुवातीच्या नृत्यात, मान आणि नजर डावीकडून उजवीकडे सरकते, तिथे मी एकच बिंदू तिच्या डाव्या डोळ्यावर धरला, छिद्र एफ/२.२ वर ठेवले आणि सलग तीन छायाचित्रे घेतली. तिसऱ्यात काजळाची कडसुद्धा वेगळी दिसते. ते आता ताईच्या बैठकीत लावलेले आहे.